पर्याय तीन

३ जून

क्लासच्या सरांनी सांगितलंय की रोज जे वाचाल ते रोज लिहून काढा, म्हणजे डोक्यात राहतं. त्यासाठी ही वही आणली आणि पहिल्याच पानावर भलतंच लिहायला बसले आहे. अभ्यासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चार भरत्यांना जे वाचलं तेच पाचव्यांदा वाचतेय.

आज अर्ज भरला. प्राथमिक शिक्षक भरती. अर्ज भरून देणाऱ्या मुलीने माझी जन्मतारीख टाकली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, थोडक्यात वाचलात. पुढच्या वेळी घेतला नसता यांनी." म्हणजे ही शेवटची. मला ते माहीत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की जास्त लागतं.

घरी आले तर दादा जेवत होता. "काय मास्तरीणबाई, भरला का?" दादा मला गेली कित्येक वर्षं मास्तरीणबाई म्हणतो. मास्तरीण व्हायच्या आधीच या नावाला मी कंटाळले आहे.

मग मी माझ्या खोलीत आले आणि दार लावलं. मागची खोली, एक टेबल, एक कॉट, खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत. हे दार लावलं की या घरात कुणी वाजवत नाही. पाहुणे आले तर वहिनी हळू आवाजात सांगते, "ताईंचा अभ्यास चालू आहे," आणि पाहुणेसुद्धा चपला न वाजवता जातात. माझी दाढ, माझा चष्मा, माझ्यासाठी सांगून आलेला तो बिजवर औषधदुकानदार, सगळं काही परीक्षेनंतर. आतमध्ये मी पुष्कळदा नुसतीच भिंत बघत बसलेली असते, हे फक्त या वहीत.

११ जून

आज ठमीने करमणूक केली. ठमी म्हणजे दादाची मुलगी, यंदा दुसरीत गेली. दाराबाहेर बसून हत्तीचा धडा मोठमोठ्याने वाचत होती, म्हणून दार उघडून म्हटलं, हळू वाच. बघते तर पुस्तकात पान उघडलेलं विहिरीचं, आणि ही माझ्याकडे बघत घडाघडा हत्ती वाचतेय. मी म्हटलं, "अगं, पान चुकलंय." तिने पटापट पानं उलटली, हत्तीचं चित्र दिसल्यावर थांबली आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू. एक काना इकडचा तिकडे नाही. मला इतकं हसू आलं. ही स्मरणशक्ती नक्की माझ्याकडून आलेली, दादाला स्वतःच्या गाडीचा नंबर आठवत नाही. तिला एक बिस्कीट दिलं आणि दार लावलं.

१९ जून

क्लास. सरांची पद्धत आता अंगवळणी पडली आहे. सर म्हणतात, "प्रश्न वाचत बसाल तर म्हातारे व्हाल. प्रश्न वाचायचा नसतो, ओळखायचा असतो." ते प्रश्नाचे पहिले दोन-तीन शब्द म्हणतात आणि आम्ही सगळे मिळून उत्तर ओरडतो. "शिकण्याची पहिली पायरी" म्हटलं की, "पर्याय एक!" "दुसरीतील एक विद्यार्थिनी" म्हटलं की, "पर्याय तीन!" माझा आवाज सगळ्यांत मोठा असतो. पुढचे शब्द काय आहेत कुणालाच माहीत नाहीत आणि गरजही नाही. हे प्रश्न दर भरतीला थोडेफार फिरवून येतातच.

बालमानसशास्त्राचा सराव पेपर आज इतरांचा अर्धा होईस्तोवर माझा पूर्ण झाला होता. सर म्हणाले, "यांच्याकडे बघा." बघतील काय, माझ्यात पांढरे केस सोडून काय आहे? पण बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत राहिलं.

२ जुलै

परीक्षा पुढे ढकलली. नवी तारीख नंतर कळवतील.

खरं लिहायचं तर पहिल्यांदा हायसं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. सगळे क्लासमध्ये भरतीवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होते, मीही मोडली. परीक्षेची मला आता तशी भीती वाटत नाही. ती होऊन गेल्यावर या घरात मी कोण, याची वाटते.

वहिनीला सांगितलं तेव्हा ती गणवेशांना काजं करत होती. घरबसल्या शाळांचे गणवेश शिवते ती. मान वर न करता "बरं" म्हणाली. दादा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला प्रत्येक गोष्टीत लिफ्ट दिसते. म्हणाला, "अडकलेली माणसं काय करतात माहितीय? सगळी बटणं दाबत बसतात. मी वर जाऊन बघतो तर सगळ्या मजल्यांचे दिवे लागलेले आणि लिफ्ट तिथल्या तिथे." आणि स्वतःच हसला. मला हसू आलं नाही.

१४ जुलै

दुपारी वहिनीने चक्क दार वाजवलं. मी दचकलेच.

"ताई, जरा बोलू का?" आत आली, पण कॉटवर बसली नाही, उभीच. "ठमीच्या शाळेतून बोलावलं होतं. तिच्या बाई म्हणत होत्या, वाचण्याकडे घरी कुणी लक्ष द्या म्हणून. तुम्ही थोडं बघाल का? माझी शाळा चौथीतच सुटली, मला शिकवायला जमत नाही."

"अहो, ती चांगली वाचते की वहिनी. मी ऐकलंय ना."

"हो, पण बाई म्हणाल्या—"

"बाईंना चाळीस मुलं सांभाळायची असतात, त्या सगळ्यांनाच तसं म्हणतात. परीक्षा होऊ दे, मग बसते मी तिला घेऊन. शब्द देते."

"बरं," म्हणाली. जाताना तिने खोलीकडे एकदा नजर टाकली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तिला दुसरं शिलाई मशीन घ्यायचंय आणि ते बाहेरच्या खोलीत मावत नाही, हे मला ठाऊक आहे. मी पुस्तकात डोकं घातलं. 'वाचनात मागे पडणारी मुले' हे प्रकरण चालू होतं, नेमकी तंद्री मोडली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

२८ जुलै

मी भिंतीवर लावलेला तक्ता ठमीला फार आवडतो. बालविकासाचे टप्पे, रंगीत खडूंनी लिहिलेले. परवा दारात उभी राहून विचारत होती, "आत्या, हे काय लिहिलंय? आणि हे? आणि त्याच्या खाली?" मी सगळं वाचून दाखवलं, तेवढीच माझी उजळणी. आज दादा कामावरून आल्यावर तिने त्याला हात धरून इथे आणलं आणि अख्खा तक्ता वाचून दाखवला. 'पूर्वबाल्यावस्था' कुठेही न अडखळता. दादाचे डोळे भरून आले. "मास्तरीणबाई, हिला तुमच्या जागी बसवू या परीक्षेला." वहिनी दाराशी उभी होती. ती हसली नाही. हल्ली तिचं काहीतरी बिनसलेलं असतं.

९ सप्टेंबर

तारीख आली. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी. दोन दिवस नीट जेवण गेलं नाही.

औषधदुकानदारांकडून पुन्हा विचारणा झाली. दादा म्हणाला, "माणूस चांगला आहे, पण मी त्यांना सांगितलंय की परीक्षेनंतर." मी दादाकडे पाहिलं. हे वाक्य इतकी वर्षं मीच सगळ्यांना पुरवलंय, आता ते त्याच्या तोंडात फिट्ट बसलंय. पुढच्या महिन्यात मी कुणाला काय सांगणार?

ठमी दाराच्या फटीतून कागद आत सरकवते. घर, सूर्य, आणि खाली वेड्यावाकड्या रेघोट्या. मी "छान" म्हणून परत सरकवते.

२८ सप्टेंबर

परीक्षा झाली. लिहून टाकलंच पाहिजे.

पेपर सोपा होता. सरांची पद्धत. शब्द ओळखायचे, गोल काळा करायचा, पुढे. माझा पेपर संपला तेव्हा आजूबाजूला सगळे माना खाली घालून होते. मी उठले, तर पर्यवेक्षक म्हणाले, "घंटा झाल्याशिवाय कुणालाही सोडता येत नाही. बसा, पेपर वाचा." वर्गाचं दार बंद होतं. बाक लहान मुलांचा, गुडघे वर येत होते. करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी पेपर पहिल्यापासून वाचायला घेतला. खरोखरच वाचायला.

'दुसरीतील एक विद्यार्थिनी पाठ्यपुस्तकातील पाठ न अडखळता म्हणते; मात्र पुस्तकाचे पान दुसरेच उघडलेले असते. शिक्षक म्हणून तुम्ही प्रथम काय कराल?'

पर्याय एक, तिचे कौतुक करून बक्षीस देणे. पर्याय दोन, पालकांना समज देणे. पर्याय तीन, तिने न पाहिलेला सोपा मजकूर देऊन तिला खरोखर वाचता येते का ते पाहणे. पर्याय चार मी वाचला नाही.

हा प्रश्न मी आजवर किती वेळा सोडवला असेल. वाचला आज. मी पर्याय तीन काळा केलेला होता, अगदी गोलाबाहेर शाई न जाऊ देता. घरी मी पर्याय एक केला होता. बिस्किटासकट.

घंटा होईपर्यंत मला बाहेर सोडलं नाही. इतका वेळ मी आयुष्यात कुठे बसले नव्हते.

२९ सप्टेंबर

कालचं राहिलेलं. काल घरी आल्या आल्या ठमीला खोलीत घेतलं, दार लावलं आणि कोऱ्या कागदावर लिहिलं, 'मांजर दारात बसले.' म्हटलं, वाच.

तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. खूप वेळ माझ्या तोंडाकडेच पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आत्याचा... अभ्यास... चालू आहे."

मी कागद पुन्हा तिच्यापुढे सरकवला. तिला कळलं की चुकलं. खाली बघून म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. मी वाचणारच आहे परीक्षेनंतर."

"कुठल्या परीक्षेनंतर?"

"तुझ्या. आई म्हणाली होती, आत्याची परीक्षा झाली की आत्या शिकवणार."

मी तिला जवळ घेतलं आणि रडले. तिला वाटलं मला पेपर अवघड गेला. "पुढच्या वेळी येईल तुला," म्हणाली.

६ ऑक्टोबर

रोज बसतो आम्ही. पुस्तक बाजूला ठेवलंय, ते तिला पाठ आहे, त्यात ती लगेच लपते. मी नवं वाक्य लिहिते, ती शब्दाखाली बोट ठेवते आणि बोटाच्या पुढे जायचं नाही हा आमचा करार. 'ब' आणि 'व' तिला एकच वाटतात. 'भ' आणि 'म' शेजारी आले की रडकुंडीला येते. पदविका घेऊन मला इतकी वर्षं झाली, पण एखादं मूल समोर बसून शब्दाशी झगडताना मी जवळून पाहिलंच नव्हतं. काय करायचं ते पर्यायांत नसतं. आज मी चुकीच्या जागी घाई केली आणि तिने कागद चोळामोळा करून टाकला.

वहिनीला सगळं सांगितलं. ती शिवतच राहिली. "शाळेतल्या बाईंनी तेच सांगितलं होतं मला. म्हणून तर आले होते ना तुमच्याकडे." एवढंच बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं.

२५ ऑक्टोबर

दादाला आज कळलं, आणि काय कळलं, तर उलटंच. ठमी त्याला वर्तमानपत्रातला मथळा वाचून दाखवायला गेली. स्वतःहून. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत, घामाघूम होऊन तिने तीन शब्द वाचले. मी दारात उभी, मला आनंदाने रडू फुटायचं बाकी होतं. आणि दादा म्हणतो, "हे काय? आधी कशी घडाघडा वाचायची, आता अडखळायला लागली. काय केलंस तू हिला?"

"दादा, आधी ती वाचतच नव्हती. पाठ म्हणत होती."

"काहीतरीच. मी स्वतः ऐकलंय. अख्खा तक्ता वाचला होता तिने." मग ठमीकडे वळून, "तू वाच गं तुझं पहिल्यासारखं. आत्या परीक्षेचा ताण तुझ्यावर काढतेय."

मी पुष्कळ समजावलं. त्याला ते ऐकायचं नव्हतं. तक्ता ऐकून त्याचे डोळे भरून आले होते ना, तो आनंद त्याला परत द्यायचा नाही. त्याला तरी काय बोलू, मलाही तो तक्ता गोड वाटला होता.

२१ नोव्हेंबर

निकाल लागला. माझी निवड झाली.

तीनदा पाहिलं. दादाने तर मला उचललंच, या वयात. शाळा इथून फार लांब, एक मुक्काम करून पोचायचं. एक डिसेंबरला हजर व्हायचं, नाही तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला. कार्यालयात फोन करून विचारलं, महिनाभर मुदत मिळेल का? पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "बाई, लोक रात्रीतून निघून येतात. तुम्हाला नको असेल तर तसं लिहून द्या."

नको? याच दिवसासाठी मी या खोलीत कुजले.

२३ नोव्हेंबर

ठमी आता सोपी वाक्यं वाचते. हळू. कुणी घाई केली की लगेच सोडून देते आणि पाठ असलेलं म्हणायला लागते. अजून चार-सहा महिने तरी कुणीतरी रोज शेजारी बसायला हवं, न वैतागता. असं या घरात कुणी नाही. दादाला अडखळणं सोसत नाही आणि वहिनीला स्वतःवरच भरवसा नाही. मी गेले की ही पोर पुन्हा घडाघडा सुरू होईल आणि सगळे खूश होतील. पुढे चौथी-पाचवीत उघडं पडेल, तेव्हा तिलाच मठ्ठ म्हणतील.

आज भांडी आवरताना वहिनीशी बोलले. म्हटलं, "मी नाही गेले तर?"

"डोकं ठिकाणावर आहे का ताई? तुम्ही थांबलात तर तुमच्या भावाला तोंड मी द्यायचं. जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, हिच्या मुलीपायी बहिणीची नोकरी गेली म्हणून." मग ताट पुसत राहिली. "ती नीट वाचायला लागली असती तर काही प्रश्नच नव्हता. आता नाही लागली, तर नाही लागली."

"म्हणूनच तर माझा पाय निघत नाही," मी म्हटलं.

मागे वळले तर ठमी उंबऱ्यावर बसून होती. कधीपासून होती कोण जाणे.

२८ नोव्हेंबर

माझ्या निवडीबद्दल दादाने आज शेजारपाजारच्यांना चहाला बोलावलं. लिफ्टवाले त्याचे दोस्त, बाजूच्या काकू, क्लासचे सरसुद्धा आले. सर सगळ्यांना सांगत होते की त्यांची पद्धत अचूक बसली की अशी फळं मिळतात. मी मान हलवत होते.

चहा होत आला तशी दादाला हुक्की आली. "आमची ठमीपण आत्यावर गेलीय. ठमे, पुस्तक आण, वाचून दाखव सगळ्यांना."

मी म्हटलं, "दादा, राहू दे." तो ऐकेना. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

ठमीने पुस्तक आणलं. या आठवड्यात आम्ही जो धडा घेत होतो, शाळेत अजून न झालेला नदीचा, तो तिने शोधून काढला आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. 'नदी' तिला येतं. तो पूर्ण परिच्छेद तिला येतो, सावकाश. मी मनातल्या मनात म्हटलं, घाई नको गं, कितीही वेळ लागू दे, मी आहे. दादाच्या चेहऱ्यावर हसू तयार होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. माझा पाय कशामुळे निघत नाही ते तिने त्या दिवशी उंबऱ्यावर बसून ऐकलं होतं, आज सकाळी माझी बॅग भरायलाही बसली होती. मग तिने पानावरून बोट काढून घेतलं, पुस्तक छातीशी धरलं आणि माझ्याकडे बघत बघत अख्खा धडा म्हटला. घडाघडा. रोज मी तिच्याकडून वाचून घेताना तो तिचा पाठ झाला असणार. एकदाही अडखळली नाही. शेवटी थोडी दमली आणि हसली, मला दिसेल असं.

"बघा," दादा म्हणाला. "आता हिची काळजी नाही. तू बिनधास्त जा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी आत निघून गेली. ठमी अजून माझ्याकडेच पाहत होती, आणि मी काय करते याची वाट बघत होती.

मीही टाळ्या वाजवल्या. मोठ्याने वाजवल्या.

उद्या सकाळची गाडी आहे. रोज संध्याकाळी फोनवर तिचं वाचून घेईन, असं मी वहिनीला सांगितलं आहे.